इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि सिग्नलला गाडी थरथरते : आधी काय तपासावे? (इंदूर)

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ सालची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक असून घेतल्यानंतर काही काळाने तिला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले आहे. गाडी ९० हजार किलोमीटरच्या पुढे चालली आहे आणि त्यातले बहुतेक अंतर गॅसवरच कापले गेले आहे. मागच्या रविवारी महेश्वरहून परत येताना मानपूरचा घाट चढत असताना डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, गाडी झटके देऊ लागली आणि तिसऱ्या गिअरमध्येही ओढ लागेना. घाट संपून महूच्या बाजूला सपाटी लागल्यावर लुकलुकणे थांबले, पण दिवा मात्र तेव्हापासून पेटलेलाच आहे.

आता शहरात सिग्नलला उभे राहिले की स्टिअरिंग आणि सीट थरथरते, आरपीएमचा काटा सातशेवरून पाचशेकडे घसरतो आणि इंजिन बंद पडते की काय अशी धास्ती वाटते. दोन हजारांच्या वर नेले की बरेचसे सुरळीत होते. एका वर्कशॉपमध्ये दाखवले असता त्यांनी स्कॅनर लावला, पी ०३०० आणि पी ०३०२ असे दोन कोड निघाले, ते लगेच पुसून टाकले आणि ‘चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारे भाग), चारही प्लग बदला, कन्व्हर्टरही गेला असेल’ असे सांगून खर्चाचा भला मोठा आकडा हातात दिला. दिवा संध्याकाळपर्यंत पुन्हा पेटला. हा खर्च करण्याआधी घरच्या घरी किंवा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून काय तपासून घेता येईल, आणि तोवर गाडी चालवावी की नाही, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_फिटर

पहिले उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे देतो, कारण ते तातडीचे आहे. दिवा स्थिर पेटलेला असेल तर सवडीने तपासणी करता येते. दिवा लुकलुकत असेल तर पाय ऍक्सिलरेटरवरून हलका करावा, आणि तरीही लुकलुकत राहिला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. त्या अवस्थेत घाट चढू नये, ओव्हरटेक करू नये आणि एसीही चालू ठेवू नये.

यामागचे कारण असे की एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटलेच नाही तर ते कच्चे इंधन आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही सायलेन्सरच्या नळीतून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पोहोचतात आणि तिथे पेटतात. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा थर दिलेली सिरॅमिकची बारीक जाळी असते. आत ज्वलन सुरू झाले की तापमान जाळीला सोसवेल त्यापलीकडे जाते, जाळी वितळते, धुराची वाट अडते आणि मग गाडी ओढेनाशी होते. अशा न पेटण्याची, म्हणजे मिसफायरची, नोंद इंजिनचा कॉम्प्युटर क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून घेतो : प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला किंचित वेग मिळतो, एखादा पेटला नाही की त्या जागी वेग चुकतो. क्रँकच्या २०० फेऱ्यांच्या हिशेबात हे चुकणे कन्व्हर्टरला धोका होईल इतके वाढले की दिवा लुकलुकवायचा, आणि १००० फेऱ्यांच्या हिशेबात केवळ प्रदूषणाची मर्यादा ओलांडली तर तो स्थिर पेटवायचा, असा त्याचा ठोकताळा असतो. घाटात तुमची गाडी पूर्ण भाराखाली होती म्हणून दिवा लुकलुकला. सपाटीवर भार कमी झाला म्हणून स्थिर झाला. दोष तिथेच आहे.

आता कोडबद्दल. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, आणि पी ०३०० म्हणजे एकापेक्षा अधिक किंवा अनिश्चित सिलिंडरांमध्ये मिसफायर. यातला कुठलाही कोड ‘कॉइल खराब’ असे सांगत नाही. पेटवण्यासाठी ठिणगी लागते, इंधन लागते आणि दाब लागतो; तिघांपैकी कोण गैरहजर आहे हे कोडवरून कळत नाही, ते शोधावे लागते. चारही कॉइल एकदम बदलायला सांगणारा माणूस शोधण्याची मेहनत तुमच्या खिशातून भागवतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. कोड पुसून टाकल्याने त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंदही गेली. आरपीएम किती होता, इंजिन किती तापले होते, भार किती होता, हे सगळे त्या नोंदीत असते आणि निदान करणाऱ्याला ते फार उपयोगी पडते. दिवा पुन्हा पेटला आहे तेव्हा नवी नोंद झाली असेल. ती आधी वाचून कागदावर उतरवा आणि बॅटरीची तार काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवण्याची पद्धत) लागू आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असणारच. त्यात बसणारे साधे ब्लूटूथ ऍडॅप्टर आणि मोबाइलवरचे ऍप एवढ्यावर काम भागते.

हौशी_सारथी

माझ्या गाडीचा दिवा पावसाळ्याच्या आधीपासून पेटलेला आहे, मी रोज विजयनगर ते पीथमपूर जातो आणि गाडीला काहीही झालेले नाही. वर्कशॉपवाले घाबरवतात. ऑक्सिजन सेन्सरचा कोड होता, मी दुर्लक्ष केले.

जुना_फिटर

तुमचा दिवा स्थिर आहे आणि कोड वेगळा आहे, त्यामुळे तुमचा अनुभव या गाडीला लागू होत नाही. राजेंद्रनगरकरांच्या गाडीत इंजिन प्रत्यक्ष थरथरते आहे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणूनच वरचा परिच्छेद लिहिला.

सराफा_रात्रपाळी

सध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते. जुन्या गाड्यांना ते मानवत नाही, इंजेक्टर तुंबतात. टाकीत इंजेक्टर क्लीनरची एक बाटली ओता आणि महामार्गावर गाडी तासभर पळवा, मोकळी होईल. माझ्या मिस्त्रीचा हा हमखास उपाय आहे.

मालवा_मोटर

लुकलुकणारा दिवा असलेली गाडी महामार्गावर तासभर पळवायला सांगणे धोक्याचे आहे. कन्व्हर्टर शाबूत असेल तर तोही त्यात जाईल.

शिवाय या गाडीत निदानाची एक सोय आयती उपलब्ध आहे, ती कोणी अजून विचारलीच नाही. गाडी दोन इंधनांवर चालते. राजेंद्रनगरकर, मिसिंग (म्हणजे मिसफायर) फक्त गॅसवर होते, फक्त पेट्रोलवर होते, की दोन्हींवर? फक्त गॅसवर होत असेल तर गॅसचा इंजेक्टर, गॅसचा फिल्टर किंवा गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर बघायचा. फक्त पेट्रोलवर होत असेल तर वापराविना चिकटलेला पेट्रोलचा इंजेक्टर हा पहिला संशयित. दोन्हींवर सारखेच होत असेल तर इथेनॉल, टाकी, पेट्रोलचा पंप, दोन्ही प्रकारचे इंजेक्टर हे सगळे एका फटक्यात संशयाबाहेर जातात, कारण दोन स्वतंत्र इंजेक्टर एकाच सिलिंडरवर एकाच दिवशी बिघडणे जवळजवळ अशक्य आहे.

मात्र एक पळवाट ध्यानात ठेवावी. बाहेरून बसवलेले किट मूळ कॉम्प्युटरकडून पेट्रोलच्या इंजेक्टरला जाणारा इशारा मध्येच तोडून स्वतःकडे घेते आणि त्यावरून गॅसचा इंजेक्टर चालवते. त्या जोडातली दुसऱ्या सिलिंडरची तार सैल झाली असेल तर दोन्ही इंधने एकाच वेळी बंद पडतात. किट बसवणारे पुष्कळदा हा जोड नुसती पिळी देऊन आणि वर काळी टेप गुंडाळून करतात.

राजेंद्रनगरकर

सर्वांचे आभार. मुद्दाम थंड इंजिनवर पेट्रोलवर चालू करून पाहिले, नंतर गरम झाल्यावर गॅसवर टाकले, पुन्हा पेट्रोलवर आणले. थरथर दोन्हींवर सारखीच आहे. ऍप टाकून नवी नोंद वाचली : ७४० आरपीएम, इंजिन पूर्ण तापलेले, गाडी उभी. कोड पुन्हा पी ०३०२. या वेळी पी ०३०० नाही.

स्वच्छ_शहरी

एक बाळबोध शंका. अलीकडे वॉशिंग सेंटरवर इंजिन धुतले होते का? आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिले येत असल्यापासून लोकांनी बॉनेटखालीही प्रेशरचा फवारा मारायचा सपाटा लावला आहे. प्लगच्या खोल विहिरीत पाणी साचले की कॉइलची ठिणगी रबरी टोपीवरून आडवी उडते आणि अगदी असेच मिसिंग होते. तसेच पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि तारा कुरतडतात. आमच्या सोसायटीत हे दरवर्षी होते.

राजेंद्रनगरकर

धुतलेले नाही. उंदरांच्या खुणा, लेंड्या, कुरतडलेली तार, असे काही दिसले नाही. मिस्त्रीने किटचा जोड उघडून पाहिला. टेपच गुंडाळलेली होती, हा अंदाज तंतोतंत खरा ठरला, पण आतली तार घट्ट होती. तरीही त्याने चारही जोडांना सोल्डर करून दिले. त्याने फरक पडला नाही.

जुना_फिटर

मग आता अदलाबदल करा. इंजिन थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल एकमेकांच्या जागी लावा, कोड पुसा आणि थोडी फेरी मारा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल दोषी, आणि मग एकच कॉइल बदलायची. कोड जागचा हलला नाही तर कॉइल पूर्ववत करून प्लगची अदलाबदल करा. प्लग काढाल तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा : चिनीमातीला तडा गेला आहे का, टोके झिजली आहेत का, तेल लागले आहे का. सीएनजीवर मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर चालून जाणारे झिजलेले प्लग गॅसवर दगा देतात. प्लगच्या टोकांमधला गॅप मॅन्युअलप्रमाणेच ठेवा आणि प्लग बसवताना आधी हाताने आटे धरू द्या. ऍल्युमिनियमच्या हेडमध्ये पान्याचा जोर लावून आटे खाल्ले की दुखणे महाग होते.

मिस्त्री मंडळी चालू इंजिनवर एकेक कॉइलची पिन काढून कोणता सिलिंडर मेला आहे ते पाहतात. ही सवय मोडावी असे मला फार वाटते. ठिणगी बंद आणि इंधन चालू, अशी स्थिती करून तुम्ही स्वतःच्या हाताने कच्चे इंधन कन्व्हर्टरमध्ये ओतता, शिवाय झटका बसण्याची शक्यता वेगळीच. हीच चाचणी पेट्रोलवर असताना इंजेक्टरची पिन काढून करावी : ज्याची पिन काढल्यावर आवाजात आणि आरपीएममध्ये काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही.

बडोद्याचा_भाचा

कुठे हवा आत खेचली जात असेल तर? माझ्या गाडीत ब्रेक बूस्टरच्या नळीला चीर होती, तेव्हा अशीच थरथर होती आणि आरपीएम वाढवला की नाहीशी व्हायची.

जुना_फिटर

शंका रास्त आहे. तशी गळती असेल तर ऍपमध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते पाहावे. गाडी उभी असताना ते अधिक वीस टक्क्यांच्या आसपास दिसेल आणि अडीच हजार आरपीएमवर शून्याकडे उतरेल. पण बूस्टरच्या नळीची गळती बहुधा सगळ्याच सिलिंडरांना भोवते, एकट्या दुसऱ्याला नाही. एकट्याला भोवायची तर इनटेक मॅनिफोल्डचा गॅस्केट त्याच तोंडाशी फुटलेला असावा लागतो. ट्रिम पेट्रोलवर असतानाच पाहा. आणि गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनरचा फवारा मारण्याचा प्रकार करू नका, आग लागते.

राजेंद्रनगरकर

कॉइलची अदलाबदल करून पाहिली : पी ०३०२. प्लगची अदलाबदल करून पाहिली : पी ०३०२. दुसऱ्याचा प्लग बाकी तिघांपेक्षा किंचित काळा होता, बाकी वेगळे काही नाही. पेट्रोलवर ट्रिम उभ्या गाडीत अधिक सहा, अडीच हजारांवर अधिक चार. दुसऱ्याच्या इंजेक्टरची पिन काढली तर आवाज तसाच राहतो. पहिल्याची काढली तर इंजिन बंद पडायला येते.

मालवा_मोटर

ठिणगी आहे, इंधन आहे, हवेची गळती नाही. राहिला दाब. कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. कुठल्याही चांगल्या इंजिनवाल्याकडे तो असतो, फक्त चाचणी रीतसर करवून घ्या : बॅटरी पूर्ण भरलेली, गॅसचा व्हॉल्व्ह बंद, इंजेक्टर आणि कॉइलच्या पिना काढलेल्या, चारही प्लग बाहेर आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. चारही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक तफावत असेल तर दुखणे यांत्रिक आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनची रिंग. जागीच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

लष्कर_ग्वाल्हेर

माझा कौल आताच नोंदवून ठेवतो : दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आमच्याकडे किट बसवलेल्या, भरपूर चाललेल्या गाड्यांमध्ये हे इतक्यांदा पाहिले आहे की कॉइलचे नाव निघाले की हसू येते. सीएनजी कोरडा वायू आहे. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्ह आणि तो मिटताना जिथे टेकतो त्या सीटला जो गारवा आणि ओलावा मिळतो तो त्यात नसतो. मूळच्या पेट्रोल गाडीची सीट त्या हिशेबाने बनवलेली नसेल तर हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो आणि त्याचे दुसरे टोक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमकडे वर सरकते. म्हणजे टॅपेटचा गॅप (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली बारीक फट) वाढत नाही, कमी होत जातो. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून मालक खूश असतो, आणि एक दिवस गॅप संपतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, आणि बाहेर जाणाऱ्या तप्त धुराने त्याची कड भाजत जाते. कंपनीतून सीएनजी म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये सहसा सीटचा धातू अधिक कठीण ठेवतात, तिथे हे प्रमाण कमी.

दोन हजारांच्या वर गाडी बरी वाटते याचेही कारण तेच : वेग वाढला की दाब निसटायला वेळच मिळत नाही.

राजेंद्रनगरकर

काल संध्याकाळी कॉम्प्रेशन मोजून घेतले. पहिला १७५ पीएसआय, दुसरा ११०, तिसरा १७०, चौथा १७५. दुसऱ्यात ऑइल सोडून मोजले तर ११५. मिस्त्री अनुभवी निघाला. त्याने दुसऱ्याचा पिस्टन वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये अडवून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मला मागे जाऊन सायलेन्सरला कान लावायला सांगितले. तिथे ‘स्स्स’ असा एकसारखा आवाज स्पष्ट येत होता. हात धरला तर हवेची झुळूक बोटांना लागत होती. थ्रॉटलकडे किंवा रेडिएटरच्या पाण्यात काहीच नाही. तो हिंदीत एवढेच म्हणाला, ‘भिया, टॅपेट बैठ गया है.’

आज सकाळी थंड इंजिनवर टॅपेट कव्हर उघडले. मॅन्युअलप्रमाणे एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटरच्या आसपास गॅप हवा आहे. दुसऱ्याच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) ०.०५ ची पातीही शिरली नाही. बाकीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचेही गॅप कमीच आहेत. इनटेकचे ठीक आहेत. आता प्रश्न असा की नुसता गॅप सेट करून भागेल की हेड उतरवावे लागेल?

लष्कर_ग्वाल्हेर

आधी गॅप सेट करा. तुमच्या इंजिनात बकेट टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या वाट्या) आहेत असे गृहीत धरतो. त्यात स्क्रू नसतो, कमी जाडीचे बकेट घालावे लागते आणि त्यासाठी कॅमशाफ्ट उचलावे लागते. टायमिंगच्या खुणा मिस्त्रीने आधी रंगाने उमटवून घ्याव्यात. सगळे गॅप मोजून, कोणत्या जाडीचे किती हवेत याचा हिशेब करून मगच सुटे भाग मागवा, नाहीतर गाडी उघडी पडून राहते. सेट झाल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. व्हॉल्व्हची कड भाजलेली नसेल तर दाब बराचसा परत येतो. १३० च्या पुढे गेला नाही तर मात्र हेड उतरवून ग्राइंडिंग, सीट कटिंग किंवा नवी सीट, हे करावेच लागेल.

राजेंद्रनगरकर

काम झाले. दुसरा आता १६० दाखवतो आणि बाकीचे तिघे होते तिथेच आहेत. सिग्नलला काटा साडेसातशेवर स्थिर राहतो. कोड पुसून शहरात आणि बायपासवर भरपूर फिरवली, दिवा पेटला नाही. कॉइल आणि प्लग जुनेच आहेत. कन्व्हर्टरबद्दल पी ०४२० हा कोड आलेला नाही आणि ओढही पूर्ववत आहे, त्यामुळे तो तूर्त तसाच ठेवला आहे. एकूण खर्च वर्कशॉपने सांगितलेल्या आकड्याच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी आला. त्यातही मोठा वाटा मजुरीचा.

हौशी_सारथी

माझ्याही गाडीला किट आहे. टॅपेट किती किलोमीटरला तपासावेत? आणि अधूनमधून पेट्रोलवर चालवल्याने फायदा होतो का?

लष्कर_ग्वाल्हेर

मॅन्युअलमध्ये पेट्रोलसाठी जे अंतर दिले असेल त्याच्या निम्म्यावर मी तपासून घेतो. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, गरम इंजिनवर घेतलेले माप फसवे असते. पेट्रोलवर अधूनमधून चालवल्याने पेट्रोलचे इंजेक्टर मोकळे राहतात, हा फायदा निश्चित. सीटची झीज त्याने थांबत नाही, पण लांबचा घाट किंवा पूर्ण भरलेली गाडी असेल तेव्हा मी स्वतः पेट्रोलवरच टाकतो, कारण सर्वाधिक तापमान तेव्हाच असते. आणि तुमच्या त्या ऑक्सिजन सेन्सरच्या कोडकडेही आता बघाच : सेन्सर चुकीचे सांगत असेल आणि मिश्रण पातळ होत असेल तर व्हॉल्व्ह आणखी लवकर भाजतात. पूर्ण कोड कोणता आहे ते इथे लिहा.

हौशी_सारथी

पी ०१३१. उद्या पेट्रोलवर आणि गॅसवर ट्रिम मोजून दोन्ही आकडे टाकतो.